वर्षभर वापरलेला रोटरी डिगॅसर आणि त्याच्या शाफ्टची झीज

भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या लहानशा ॲल्युमिनियम फाउंड्रीत रोटरी डिगॅसर, म्हणजे वितळलेल्या धातूतला वायू काढून टाकणारे यंत्र, बसवून आता वर्ष होत आले आहे. गेल्या महिन्यात डिगॅसिंग चालू असतानाच त्याचा ग्राफाइटचा शाफ्ट (धातूत बुडून फिरणारा दांडा) तुटला, आणि पुरवठादाराने ‘शाफ्ट हा झिजणारा भाग असल्याने वॉरंटीत बसत नाही’ असे एका ओळीचे उत्तर पाठवले. त्या उत्तरामुळेच हा अनुभव सविस्तर लिहावा असे वाटले. मोटर किती अश्वशक्तीची, खांब किती उंच, पॅनेलवर काय काय दिसते, ही माहिती प्रत्येक कोटेशनमध्ये असते आणि हे वाचणाऱ्या बहुतेकांना ती ठाऊकच असेल, म्हणून ती येथे देत नाही.

आमच्याकडे एलएम २५ या ॲल्युमिनियम-सिलिकॉन मिश्रधातूची ग्रॅव्हिटी डाय कास्टिंग (धातूच्या साच्यात रस नुसत्या वजनाने ओतून केलेले भाग) होतात. त्यातली बरीचशी हवेच्या किंवा तेलाच्या दाबाखाली काम करणारी असल्याने प्रत्येक नगाची गळती तपासली जाते. या कामात पिनहोल, म्हणजे वायूमुळे पडलेली बारीक छिद्रे, दिसतात ती मशिनिंग झाल्यानंतर, म्हणजे धातू, इंधन, मजुरी आणि मशीनचा वेळ असे सगळे खर्ची पडल्यावर, आणि त्यामुळे एक नग बाद होण्याची किंमत नुसत्या ओतकामापेक्षा कितीतरी जास्त असते. वायू काढण्यासाठी आधी आम्ही हेक्झाक्लोरोइथेनच्या गोळ्या वापरत होतो. गोळी भोकांच्या घंटीत घालून रसाच्या, म्हणजे वितळलेल्या धातूच्या, तळाशी धरली की ॲल्युमिनियम क्लोराइडच्या वाफेचे बुडबुडे उठतात आणि हायड्रोजन घेऊन वर येतात. पण हे बुडबुडे मोठे असतात, ते एकाच जागी उसळतात, आणि बाहेर पडणाऱ्या क्लोरीनयुक्त धुराने भट्टीवरच्या माणसांचे डोळे आणि घसा जळतो. शिवाय क्लोरीनमुळे मिश्रधातूतले मॅग्नेशियम आणि स्ट्रॉन्शियमही कमी होते, त्यामुळे मॉडिफिकेशनसाठी (मिश्रधातूतले सिलिकॉनचे कण बारीक करण्यासाठी) स्ट्रॉन्शियमचा महागडा मास्टर अलॉय घालायचा आणि त्यातला काही भाग गोळीच्या धुराबरोबर गमवायचा, असा उलटा व्यवहार आम्ही वर्षानुवर्षे करत होतो.

रोटरी डिगॅसरचा विचार साधा आहे. वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये लक्षणीय प्रमाणात विरघळणारा वायू हायड्रोजन हा एकच. ६६० अंशांना १०० ग्रॅम द्रव धातूत तो सुमारे ०.६९ घन सेंटीमीटर मावतो आणि तोच धातू घट्ट होताच फक्त ०.०३६ च्या आसपास उरू शकतो. उरलेला वायू गोठणाऱ्या धातूत अडकून छिद्रे करतो. शाफ्टच्या खालच्या टोकाला बसवलेल्या फिरणाऱ्या रोटरमधून नायट्रोजन किंवा आर्गॉन सोडला की त्याचे बारीक बुडबुडे होतात, त्यांच्यात सुरुवातीला हायड्रोजन अजिबात नसल्यामुळे रसातला हायड्रोजन आपोआप त्यांच्यात शिरतो आणि त्यांच्याबरोबर वर निघून जातो. तेवढ्याच वायूचे १० मिलिमीटरऐवजी २ मिलिमीटरचे बुडबुडे केले तर एकूण पृष्ठभाग पाचपट होतो, आणि या यंत्राचे सगळे सामर्थ्य त्या पाचपटीत आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या युनियन कार्बाइड कंपनीत अँड्र्यू झेकेली यांनी फिरत्या नोझलची ही कल्पना पेटंट घेऊन प्रत्यक्षात आणली. ती मोठ्या वितळण केंद्रांसाठी होती, पण आज अडीचशे-तीनशे किलोच्या मुशीवर चालणारी यंत्रे त्याच तत्त्वावर उभी आहेत.

यंत्र आम्ही उन्हाळ्याच्या तोंडाशी घेतले. पहिल्या काही महिन्यांतले माझे मत फारसे अनुकूल नव्हते. धूर गेला, माणसांचा त्रास थांबला, आणि एवढ्याचसाठी पैसे दिले असते तरी मला ते वावगे वाटले नसते. पण बाद होणाऱ्या नगांत मोठा फरक दिसत नव्हता. कोरड्या हवेत गोळीनेही आमचा डेन्सिटी इंडेक्स (रसातल्या वायूचा अंदाज देणारा आकडा, जितका कमी तितका चांगला) ठीकच येत असे. ही चाचणी ज्यांनी केली असेल त्यांना माहीत आहे की एक नमुना हवेत आणि दुसरा ८० मिलिबार दाबाखाली गोठवतात आणि दोघांच्या घनतेतला फरक टक्क्यांत काढतात. हवेतला नमुना २.६६ आणि निर्वातातला २.६० आला, तर इंडेक्स सव्वादोनच्या आसपास येतो. मे महिन्यापर्यंत गोळी आणि यंत्र यांच्या आकड्यांत इतके थोडे अंतर होते की त्यासाठी हप्ते भरणे मला जड वाटत होते.

जुलैत ते मत बदलले, आणि आता ते पुन्हा बदलेल असे वाटत नाही. पावसाळ्यात हवेतली वाफ, ओलसर इंगॉट, गेट-रायझरच्या (कास्टिंगपासून कापून पुन्हा वितळवायच्या तुकड्यांच्या) परतीच्या मालावर बसलेला दमटपणा, सगळे मिळून रसात हायड्रोजन भरते, कारण तापलेले ॲल्युमिनियम पाण्याचे विघटन करून ऑक्सिजन स्वतःला ठेवते आणि हायड्रोजन पोटात घेते. मागच्या पावसाळ्यांत गोळीनंतरही इंडेक्स सहा-सातच्या खाली येत नसे. या वर्षी त्याच भट्टीवर, त्याच मालावर, दहा मिनिटांच्या डिगॅसिंगनंतर तो दोनच्या आत राहिला, आणि ऑगस्टमध्ये गळतीसाठी परत आलेले नग हिवाळ्यातल्याइतकेच कमी होते. चाकणच्या ज्या ग्राहकाकडून दर पावसाळ्यात तक्रारीचा मेल येत असे, त्याच्याकडून या वर्षी एकही आला नाही. मला याचा मनापासून आनंद झाला. या चाचणीत हायड्रोजनबरोबर ऑक्साइडच्या पापुद्र्यांचाही परिणाम दिसतो, ही बाब बर्मिंगहॅमच्या प्राध्यापक जॉन कॅम्पबेल यांच्या कामामुळे फाउंड्रीवाल्यांना परिचित झाली आहे. बारीक बुडबुडे हे पापुद्रेही वर आणून मळीत (रसावर तरंगणाऱ्या थरात) टाकतात, त्यामुळे आकड्यातल्या सुधारणेचे सगळे श्रेय एकट्या हायड्रोजनला मी देत नाही.

आता शाफ्टविषयी. या यंत्राचा विचार करताना माझे मन पुन्हा पुन्हा याच एका भागाशी येऊन थांबते. ग्राफाइट रसाच्या आत सुरक्षित असतो, कारण तेथे त्याला ऑक्सिजन मिळत नाही. रसाच्या पातळीच्या किंचित वर मात्र उष्णता आणि हवा दोन्ही एकाच वेळी मिळतात, आणि पाचशे अंशांच्या आसपास ग्राफाइट हवेत जळायला लागतो. तेथेच शाफ्टला कंबर पडते. वरचा भाग जाड, खालचा भाग जाड, आणि मधला चार बोटांचा पट्टा दर आठवड्याला बारीक होत जातो. यंत्राच्या किमतीत शाफ्टचा वाटा लहान आहे, तरीही काम कधी थांबणार हे तोच ठरवतो.

पहिला शाफ्ट लवकर झिजला तेव्हा मला ग्राफाइटच्या दर्जाची शंका आली आणि पुरवठादाराशी माझा पत्रव्यवहार त्याच दिशेने चालला होता. भट्टीवर तीस वर्षे काम केलेले आमचे कारागीर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांनी दुसऱ्या शाफ्टच्या वेळी मला बोलावून दाखवले. म्हणाले, “साहेब, हा रसात जळत नाही. काम झाल्यावर वर टांगून ठेवतो ना, तेव्हा जळतो.” त्यांचे म्हणणे अचूक होते. बसवणीच्या वेळी आलेल्या इंजिनिअरनी शाफ्ट उचलल्यानंतर थांबण्याची जागा थेट मुशीच्या वर ठेवली होती. तेथे लाल शाफ्ट भट्टीच्या गरम हवेच्या झोतात पुढच्या पाळीपर्यंत लटकत असे आणि बुडालेला असताना होतो त्याहून जास्त झिजत असे. आता काम संपताच बाहू बाजूला वळवतो, आणि शाफ्टची लाली जाईपर्यंत नायट्रोजनचा बारीक प्रवाह चालू ठेवतो, म्हणजे आतले छिद्रही जळत नाही. रसात शिरताना वायू आधी चालू असलाच पाहिजे, नाहीतर रोटरची तोंडे धातूने बुजतात, हे पुस्तिकेत आहे. थंड ग्राफाइट ओल धरतो म्हणून बुडवण्यापूर्वी तो थोडा वेळ रसावर शेकावा, हेही आहे. थांबण्याच्या जागेविषयी मात्र पुस्तिकेत एक शब्दही नाही, आणि खर्चाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची सूचना तीच आहे.

या बदलानंतर तिसरा शाफ्ट आधीच्या दोघांपेक्षा बराच जास्त टिकला, पण शेवटी तोही कंबरेतच तुटला. ग्राफाइट ॲल्युमिनियमच्या रसापेक्षा हलका असल्यामुळे रोटर तुटलेल्या खुंटासह वर तरंगला आणि मामांनी तो चिमट्याने बाहेर काढला. त्याचे पाते, त्याची तोंडे, सगळे जसेच्या तसे होते. येथेच पुरवठादाराशी माझा खरा वाद आहे. शाफ्ट आणि रोटर हे दोन वेगळे भाग आटे पाडून जोडलेले असतात, तरी ते विकले जातात जोडीनेच. तीन शाफ्ट संपले, त्यांपैकी एकाही वेळी रोटर बाद झालेला नव्हता, आणि तरी प्रत्येक वेळी मला नवा रोटर घ्यावा लागला. फोनवर त्यांचे सर्व्हिस इंजिनिअर नेहमी सौजन्याने बोलतात, पण सुटा शाफ्ट मागितला की ‘जुळणीचा समतोल बिघडेल’ असे कारण देतात. मिनिटाला साडेतीनशे-चारशे फेऱ्यांवर चालणाऱ्या भागाला समतोल लागतो हे मला मान्य आहे. मग सुटे शाफ्ट समतोल तपासून विकावेत. जुना, धडधाकट रोटर भंगारात टाकायला लावणारा हा व्यवहार लहान फाउंड्रीला परवडत नाही आणि मला तो पटतही नाही.

शेवटी भोसरीतच ईडीएमचे (विजेच्या ठिणग्यांनी धातू कोरणाऱ्या यंत्राचे) इलेक्ट्रोड करणाऱ्या एका टूलरूमकडून बारीक कणांच्या ग्राफाइटचा शाफ्ट करून घेतला. बाहेरचा व्यास आणि आटे सोपे होते. इतक्या लांबीत वायूचे छिद्र सरळ पाडणे अवघड गेले आणि पहिला दांडा वाया गेला. जोडीच्या किमतीपेक्षा हा शाफ्ट पुष्कळ स्वस्त पडला. डायलच्या काट्याने तपासला तर खालच्या टोकाला डोलणे कंपनीच्या शाफ्टइतकेच होते, आणि चालताना कंप जाणवत नाही.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. भोवरा अडवणारी बॅफल पट्टी नीट बसलेली नसेल तर यंत्र फायद्याऐवजी हवा आणि ऑक्साइड खाली ओढते, म्हणून फेऱ्या वाढवण्याआधी रसाचा पृष्ठभाग डोळ्यांनी पाहावा. वायूच्या खर्चाची मला जी भीती होती ती अनाठायी ठरली. मिनिटाला १२ लिटर आणि १० मिनिटे धरली तर एका खेपेला १२० लिटर लागतात, आणि ७ घनमीटरच्या सिलिंडरमध्ये कागदावर ५८ खेपा होतात. प्रत्यक्षात काही कमी होतात, तरी गोळ्यांच्या खर्चापेक्षा हा खर्च जास्त नाही. नायट्रोजन कोरडा असावा, आणि साध्या रबरी नळीतून बाहेरची ओल आत झिरपते म्हणून तेवढी नळी आम्ही बदलून घेतली.

यंत्र घेऊ का असे कोणी विचारले, आणि त्याचे काम दाबाखालच्या कास्टिंगचे असेल, तर माझे उत्तर होकाराचे आहे. ऑर्डरमध्ये मात्र तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: सुटा शाफ्ट वेगळ्या किमतीत मिळेल, जोडाच्या आट्यांचे ड्रॉइंग दिले जाईल, आणि थांबण्याची जागा मुशीपासून बाजूला असेल. आमचा पुढचा शाफ्ट फॉस्फेटची (हवेत जळणे लांबवणारी) प्रक्रिया केलेल्या ग्राफाइटचा आहे. सध्या चालू असलेल्या शाफ्टची कंबर मामा दर सोमवारी कॅलिपरने मोजून भट्टीच्या वहीत लिहितात. नव्याचेही मोजमाप त्याच वहीत होईल, आणि पुढचा पावसाळा संपल्यावर दोघांचे आकडे येथे देईन.