दिवसा टॅली, रात्री गेम: स्टीम डेक घ्यावा की विंडोजचा हँडहेल्ड?

हँडहेल्ड पीसी, म्हणजे हातात धरून गेम खेळायचा छोटा संगणक, घ्यायचा विचार असेल तर आधी एक कागद घ्या. गेल्या महिन्याभरात संगणकावर जी जी सॉफ्टवेअर उघडली, जी जी उपकरणं जोडली, त्यांची यादी करा. त्या यादीत टॅली, डीएससी (डिजिटल स्वाक्षरीचं) टोकन, श्रीलिपी (मराठी फाँटचं सॉफ्टवेअर) किंवा मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या आज्ञा) भरलेल्या एक्सेल फाइली असतील तर निम्मा निर्णय तिथेच झाला: तुम्हाला विंडोज लागणार. यादीत फक्त ब्राउझर, ईमेल, गूगल डॉक्स, पीडीएफ आणि गेम असतील तर स्टीम डेक हे जास्त सुखाचं यंत्र आहे.

इथे मुख्य तुलना दोघांची आहे. स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या वाल्व्हचा स्टीम डेक ओलेड लिनक्सवर आधारलेल्या स्टीमओएसवर चालतो, तर असूसचे आरओजी अ‍ॅलाय आणि अ‍ॅलाय एक्स विंडोज ११ वर. लेनोवोचा लीजन गो सोबतीला घेतला आहे, कारण त्याचा पडदा आणि पोर्ट कामाच्या दृष्टीने वेगळे आहेत.

| | स्टीम डेक ओलेड | आरओजी अ‍ॅलाय | अ‍ॅलाय एक्स | लीजन गो |
|---|---|---|---|---|
| पडदा | ७.४ इंच, १२८०×८०० | ७ इंच, १९२०×१०८० | ७ इंच, १९२०×१०८० | ८.८ इंच, २५६०×१६०० |
| वजन | ६४० ग्रॅम | ६०८ ग्रॅम | ६७८ ग्रॅम | ८५४ ग्रॅम |
| बॅटरी | ५० वॉट-तास | ४० वॉट-तास | ८० वॉट-तास | ४९.२ वॉट-तास |
| मेमरी | १६ जीबी | १६ जीबी | २४ जीबी | १६ जीबी |
| यूएसबी-सी | १ | १ | २ | २ |

कामाची बाजू

कंपनी किंवा एलएलपीचं जीएसटी विवरणपत्र भरायला, राज्य सरकारच्या ई-निविदेत बोली लावायला डिजिटल स्वाक्षरीचं यूएसबी टोकन लागतं. टोकनचा ड्रायव्हर आणि सही करणारं एमसाइनर ही जोडी विंडोजवर बिनबोभाट चालते. अ‍ॅलायला हब (एका पोर्टची अनेक पोर्ट करणारी डबी) लावला, त्यात टोकन खोचलं, की झालं. काही टोकनांचे लिनक्स ड्रायव्हरही मिळतात. पण स्टीमओएसमध्ये मूळ प्रणालीच्या फाइली केवळ वाचण्यासाठी खुल्या असतात. ते कुलूप उघडून ड्रायव्हर बसवला तरी पुढच्या मोठ्या अपडेटला तो पुसला जाऊ शकतो, आणि अपडेट नेमकं विवरणपत्राच्या शेवटच्या दिवशी यायला वेळ लागत नाही. टॅलीप्राइम तर विंडोजसाठीच बनलेलं आहे. वाइन या, विंडोजची सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवणाऱ्या साधनाच्या आधाराने ते डेकवर चालवायची खटपट हिशेबाच्या कामासाठी करू नये.

यादीत यातलं काही नसेल तर डेकचं डेस्कटॉप मोड पुरेसं आहे. स्टीम बटण, पॉवर, मग ‘स्विच टू डेस्कटॉप’ असं गेलं की केडीई प्लाझ्माचा नेहमीचा डेस्कटॉप उघडतो. सॉफ्टवेअर डिस्कव्हर या दालनातूनच घ्या. तिथली फ्लॅटपॅक स्वरूपातली (मूळ प्रणालीपासून वेगळी राहणारी) सॉफ्टवेअर अपडेटनंतरही टिकतात. फायरफॉक्स, क्रोम, लिब्रेऑफिस, व्हीएलसी सगळं तिथे आहे. लिब्रेऑफिसमध्ये साध्या एक्सेल फाइली नीट उघडतात, मॅक्रो मात्र अर्ध्या वाटेत अडकतात.

मराठी टाइप करणं दोन्हीकडे सोपं आहे. विंडोजमध्ये सेटिंग्जमधून ‘टाइम अँड लँग्वेज’, मग ‘लँग्वेज अँड रीजन’ इथे मराठी जोडा. इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक असे दोन्ही कीबोर्ड मिळतात, विंडोज आणि स्पेस एकत्र दाबून भाषा बदलते. केडीईमध्ये सिस्टम सेटिंग्जच्या कीबोर्ड विभागात ‘लेआउट्स’मध्ये मराठी एन्हान्स्ड इनस्क्रिप्ट आणि कागप फोनेटिक हे पर्याय आहेत. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमधल्या फाइलींवर काम चालत असेल, जसं अनेक छापखान्यांत आणि साप्ताहिकांत अजून चालतं, तर पुन्हा विंडोजच.

आणखी एक गोष्ट, जी खरेदीनंतर पहिल्या ऑनलाइन बैठकीत कळते: यांपैकी एकातही कॅमेरा नाही. माइक आहे, कॅमेरा नाही. यूएसबी वेबकॅम तरी घ्या किंवा बैठकीला फोन वापरा.

टेबलावर मांडताना

सात इंची पडद्यावर तक्ता वाचता येतो, तासभर त्यावर काम करता येत नाही. अ‍ॅलायवर १०८० पिक्सेल उंची सात इंचांत कोंबलेली असल्याने विंडोज अक्षरं १५० टक्के मोठी करून दाखवतं. मग एक्सेलच्या मोजक्याच ओळी दिसतात. म्हणजे खऱ्या कामासाठी मॉनिटर, कीबोर्ड, माउस आणि एक यूएसबी-सी हब हवाच. यातलं काहीच घरात नसेल तर साधारण १२ ते १८ हजारांची भर बजेटमध्ये आधीच धरा. ती धरली नाही तर हँडहेल्ड स्वस्त वाटतो आणि महिन्याभरात महाग पडतो.

सगळ्यात जास्त घोळ चार्जरचा होतो. फोनसोबत आलेल्या ‘६७ वॉट’, ‘८० वॉट’च्या चार्जरवर विसंबू नका. तो आकडा बहुतेकदा त्या कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीचा असतो. प्रमाणित यूएसबी पॉवर डिलिव्हरीवर (पीडी) तोच चार्जर पुष्कळ कमी देतो आणि मॉनिटरला जोडलेला हँडहेल्ड चार्जिंगवर असूनही उतरत जातो. डेकला ४५ वॉट आणि अ‍ॅलायला ६५ वॉटचा पीडी चार्जर लागतो. मधे हब आला की हब स्वतःसाठी १० ते १५ वॉट राखून ठेवतो, म्हणून हबमागे १०० वॉटचा चार्जर लावलेला बरा. केबलही पाहा: ६० वॉटच्या वर जायला ५ अँपिअरची, ई-मार्कर चिप (केबलची क्षमता सांगणारी) असलेली केबल लागते. साध्या केबलवर अ‍ॅलायचा ३० वॉटचा टर्बो (सर्वाधिक वेगाचा) मोड मिळत नाही आणि दोष यंत्राला दिला जातो.

डेक आणि मूळ अ‍ॅलाय यांना यूएसबी-सी एकच, तेही वरच्या कडेला. लीजन गोला एक वर, एक खाली. त्यामुळे खालून चार्जिंग आणि वरून मॉनिटर अशी सोय होते, शिवाय पाठीला स्टँड आहे आणि उजवा कंट्रोलर काढून माउससारखा वापरता येतो. प्रवासात, हॉटेलच्या छोट्या टेबलावर काम करणाऱ्यासाठी हे तिन्ही गुण मोलाचे आहेत. किंमत मात्र वजनात मोजावी लागते. आडवं पडून ८५४ ग्रॅम धरून ठेवणं मनगटाला झेपत नाही.

दिवसभर टेबलावर जोडूनच ठेवणार असाल तर चार्जिंगची मर्यादा ८० टक्के करा. असूसच्या सॉफ्टवेअरमध्ये ती सोय आहे, स्टीमओएसमध्ये ३.७ आवृत्तीपासून आली.

मेमरीबद्दल थोडं. या यंत्रांत ग्राफिक्सला वेगळी मेमरी नसते, १६ जीबीतूनच वाटा जातो. अ‍ॅलायच्या आर्मरी क्रेट या सॉफ्टवेअरमध्ये ग्राफिक्ससाठी ८ जीबी राखून ठेवले तर विंडोजला ८ उरतात आणि क्रोमचे वीस टॅब, टॅली, एक्सेल एकत्र उघडले की यंत्र रखडतं. कामाच्या दिवशी ४ जीबी ठेवा. बदल केल्यावर यंत्र पुन्हा सुरू करावं लागतं. अ‍ॅलाय एक्सच्या २४ जीबीत ही कसरतच संपते, आणि कामासाठी एक्सवर जास्तीचे पैसे घालण्याचं खरं कारण हेच आहे.

बॅटरी आणि झोप

हिशेब सोपा आहे: वॉट-तासाला एकूण वॉटने भागा. अ‍ॅलायची चिप २५ वॉटवर चालवली की पडदा, पंखा, मेमरी धरून सुमारे ३५ वॉट जातात. ४० वॉट-तासांची बॅटरी सव्वा तासही टिकत नाही. अ‍ॅलाय एक्स त्याच कामात सव्वादोन तास जातो. डेकची चिप १५ वॉटच्या पुढे जातच नाही. भारी गेममध्ये त्याचा एकूण खर्च २२ ते २५ वॉट, म्हणजे दोन तास. हलक्या गेममध्ये तीन ठिपक्यांचं बटण दाबून बॅटरीच्या चिन्हाखाली फ्रेमची (दर सेकंदाच्या चित्रांची) मर्यादा ४५ करा आणि टीडीपी (चिपच्या विजेची मर्यादा) ८ वॉटवर आणा, वेळ जवळजवळ दुप्पट होतो.

झोपवण्याच्या बाबतीत डेक सरळ जिंकतो. पॉवर बटण दाबलं की गेम जिथे आहे तिथे थांबतो, पुन्हा दाबलं की काही सेकंदांत तिथूनच सुरू. विंडोजमध्ये मॉडर्न स्टँडबाय असल्याने झोपलेलं यंत्र पिशवीत अधूनमधून जागं होतं, तापतं, आणि संध्याकाळी काढावं तर बॅटरी संपलेली. उपाय: कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’, तिथे पॉवर बटणासाठी हायबरनेट (काम डिस्कवर साठवून यंत्र पूर्ण बंद करणं) निवडा. उघडायला थोडा जास्त वेळ लागतो, पण बॅटरी शाबूत राहते.

विंडोजवाल्यांनी आणखी एक खबरदारी पहिल्याच दिवशी घ्यावी. ड्राइव्ह बहुधा आधीच कूटबद्ध असतो. बायोस (यंत्र सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केलं किंवा त्यातली सुरक्षेची सेटिंग बदलली तर यंत्र ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. कागदावर उतरवून घरात ठेवा.

करमणूक

स्टीमवर विकत घेतलेल्या एकट्याने खेळायच्या गेमसाठी डेक सर्वांत कमी कटकटीचा. काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ चालतात. व्हॅलोरंट आणि फोर्टनाइट चालत नाहीत, कारण त्यांची फसवणूकविरोधी यंत्रणा लिनक्सवर चालू दिलेली नाही. यावर सेटिंगचा उपाय नाही. मित्रांचा गट व्हॅलोरंट खेळत असेल तर विषय संपला. सिनेमे आणि मालिका हाच मुख्य हेतू असेल तर मात्र दोन्ही सोडून टॅबलेट घ्या: लिनक्सवरच्या ब्राउझरला ओटीटी सेवा अनेकदा कमी दर्जाचं चित्र देतात, आणि प्रवासासाठी डाउनलोड करायची सोय अ‍ॅपमध्येच असते.

डेकमध्ये गेमसाठी फॉरमॅट केलेलं मेमरी कार्ड ऑफिसच्या विंडोज पीसीत उघडत नाही, कारण ते एक्स्ट४ या लिनक्सच्या स्वरूपात असतं. फाइली नेण्या-आणण्यासाठी वेगळा, दोन्हीकडे चालणाऱ्या एक्सफॅट स्वरूपातला पेनड्राइव्ह ठेवा.

आपल्याकडचा उन्हाळा आणि दुरुस्ती

वाल्व्हने डेकसाठी सांगितलेली सुखाची हवा ० ते ३५ अंश सेल्सिअस. चिप १०० अंशांना वेग कमी करते, १०५ला यंत्र बंद होतं. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात, ४५ अंशांत, कूलर नसलेल्या खोलीत कोणताही हँडहेल्ड पूर्ण ताकदीने चालवू नये. १० ते १२ वॉटवर ठेवावा आणि पाठीमागच्या जाळ्या उशी-गादीत दबू देऊ नयेत. मूळ अ‍ॅलायमध्ये तापमान वाढल्यावर मेमरी कार्डचा वाचक बिघडण्याची तक्रार असूसने स्वतः मान्य केली होती. म्हणून त्यात कामाच्या फाइली कार्डावर ठेवू नका.

वाल्व्ह भारतात डेक अधिकृतपणे विकत नाही. इथे मिळतो तो आयात केलेला, आणि त्याला वाल्व्हची वॉरंटी इथे लागू होत नाही. दुकानदार जी देतो ती त्याची स्वतःची, तेव्हा ती बिलावर लिहून घ्या. अ‍ॅलाय मात्र २०२३च्या जुलैपासून ६९,९९० रुपयांना इथे अधिकृतपणे विकला गेला. रोजचं काम ज्याच्यावर अवलंबून आहे अशा यंत्रासाठी हा फरक फ्रेमच्या आकड्यापेक्षा मोठा आहे.

२०२५च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या आरओजी एक्सबॉक्स अ‍ॅलायच्या नावावर जाऊ नका. त्याच्या साध्या आवृत्तीतली झेड२ ए चिप डेकच्याच जातीची, चार कोरची आहे. जुन्या अ‍ॅलायच्या आठ कोरच्या झेड१ एक्स्ट्रीमपेक्षा ती कमी ताकदीची आहे.

जुना हँडहेल्ड घेत असाल तर सोबत स्वतःचा हब आणि पीडी चार्जर न्या. हबमधून मॉनिटरवर चित्र येतं का, त्याच वेळी चार्जिंग होतं का, ते पाहा, कारण एकच पोर्ट असलेल्या यंत्रात तोच ढिला झाला तर काम आणि चार्जिंग दोन्ही जातं. मग कंट्रोलरची चाचणी उघडून दोन्ही काठ्यांवरून (जॉयस्टिकवरून) बोटं उचला. ठिपका मधे परतला नाही तर काठी झिजली आहे. डेक आणि अ‍ॅलायमध्ये हे झिजणं होतंच; लीजन गोच्या काठ्या हॉल सेन्सरच्या (घर्षणाऐवजी चुंबकाने हालचाल ओळखणाऱ्या) असल्याने तिथे ती भीती कमी. विंडोजचं यंत्र असेल तर शेवटी कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी (powercfg) या आज्ञेने बॅटरी रिपोर्ट काढा आणि मूळ क्षमतेच्या तुलनेत आत्ताची क्षमता किती उरली आहे ते बघूनच भाव ठरवा.