आरमाराचा इतिहास: पडद्यावर की विजयदुर्गाच्या तटावर?

गणपतीत गावी गेलो की रात्री एखादा ऐतिहासिक-राजकीय सिनेमा लागतोच. यंदा आरती आटोपल्यावर पडवीत पाहिला. तलवारी, तोफा, फितूर सरदाराचे घारे डोळे. मजा आली, खोटं कशाला बोलू! पोरं रात्री अकरापर्यंत जागी राहिली, हे पुस्तकाला जमत नाही. पण सिनेमा मृत्यूवर किंवा विजयावर संपतो, आणि खरी गोष्ट त्यापुढेच असते.

दुसऱ्या दिवशी विजयदुर्गाला गेलो. तटाच्या जांभ्या दगडावर हात ठेवला, तर खाऱ्या वाऱ्याने पडलेले खळगे बोटाला लागले. खाली वाघोटन खाडी. फेब्रुवारी १७५६ मध्ये इथेच मराठा आरमाराचे सरखेल (प्रमुख) तुळाजी आंग्रे यांचं आरमार जळालं. समुद्रातून इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह, जमिनीवरून नानासाहेब पेशव्यांची फौज. काकांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, “म्हणजे आपल्याच पेशव्यान इंग्रजाक बोलावल्यान?” होय. तुळाजी पेशव्यांना जुमानत नव्हते, हे कारण तेव्हा पुरेसं वाटलं असणार. किल्ला पेशव्यांना मिळाला, पण बदल्यात इंग्रजांना बाणकोटचा किल्ला द्यावा लागला. वॉटसन आणि क्लाइव्ह पुढे बंगालकडे गेले. १७५७ ला प्लासीची लढाई, इंग्रजांचा विजय. १८१८ ला पेशवाईच संपली.

ही बासष्ट वर्षं अडीच तासांत बसत नाहीत. तटावर मात्र पार्श्वसंगीत नाही, ऊन आहे, आणि माहिती आधी वाचून गेलं नाही तर नुसती सेल्फी होते. पोरांसाठी आधी सिनेमा, माझ्यासाठी किल्ला. काका परतताना गाडीत गप्पच होते. पडेलला चहाला थांबलो, तेव्हा म्हणाले, “ता बाणकोट खंय इला?”