फीडर कुठे लावायचा? आधी मांजर येतं की शिक्रा ते बघा

पक्ष्यांसाठी फीडर लावायचं ठरलं की खरी अडचण दाण्यांची नसते, जागेची असते. मांजराचा धोका टाळायचा तर फीडर झुडपांपासून लांब हवा. शिक्र्याचा, म्हणजे ससाण्यासारख्या छोट्या शिकारी पक्ष्याचा, टाळायचा तर लपायला आडोसा जवळ हवा. दोन्ही सल्ले बरोबर आहेत आणि दोन्ही एकमेकांना छेद देतात. म्हणून दुकानात कुठला फीडर छान दिसतो हे नंतर बघू, आपल्या आवारात नेमकं कोण टपून बसतं ते आधी ठरवू. पुण्यात सहकारनगरातल्या बंगल्याचं उत्तर बाणेरच्या नवव्या मजल्याला लागू पडत नाही.

शिकार कोणी केली?

फीडरखाली पिसं पडलेली दिसली तर एखादं उचलून त्याची दांडी बघा. दांडी मुळापर्यंत शाबूत आणि पिसं एकाच जागी गोलाकार विखुरलेली असतील, तर काम शिक्र्याचं. तो पक्षी पकडून पिसं एकेक करून उपटतो. दांड्या मधेच तुटलेल्या, चावलेल्या आणि पिसं लाळेनं चिकटलेली असतील तर मांजर किंवा मुंगूस. मांजर बऱ्याचदा शिकार घेऊनच जातं, मग चार-दोन पिसांपलीकडे काही उरत नाही.

शिक्रा साधारण पारव्याएवढाच असतो. त्यामुळे झाडात बसलेला पटकन नजरेत येत नाही. तो येण्याआधी खार एकसारखी चिरकायला लागते, बुलबुल कलकलाट करतात आणि मग सगळं एकदम चिडीचूप होतं. पावसाळ्याच्या तोंडाला फसगत मात्र होऊ शकते, कारण पावशा दिसायला थेट शिक्र्यासारखा. छोटे पक्षी त्यालाही घाबरतात, तर आपलं काय! ओरडला की कळतं, तोवर चोच बघा. शिक्र्याची आखूड आणि आकड्यासारखी वळलेली, पावशाची सरळसर.

जमिनीवरचं परळ

होले, साळुंक्या, चिमण्या, मुनिया यांना जमिनीवर टिपायला आवडतं. मातीच्या परळात बाजरी, राळा, तांदळाच्या कण्या घातल्या की गर्दी होते. खर्चही नाही. पण तळमजल्यावर मांजरं असतील तर माझं मत स्पष्ट आहे, हा पर्याय सोडा. मांजर झुडपाआडून सरपटत येतं आणि शेवटची झेप ८-१० फुटांच्या आतून घेतं. होला मान खाली घालून टिपत असतो, त्याला उडायला वेळच मिळत नाही. परळ ठेवायचंच असेल तर चारही बाजूंनी दहा फूट मोकळी जागा सोडा आणि अर्ध्या तासात संपेल इतकेच दाणे घाला. रात्रभर पडलेल्या दाण्यांवर उंदीर-घुशी येतात आणि टेकडीलगतच्या सोसायट्यांमध्ये त्यांच्यामागे धामण येते. धामण बिनविषारी आहे, पण तिला बघून सोसायटीत जो गोंधळ उडतो त्यात बिचारी मारली जाते.

झाडाला टांगलेला की खांबावरचा?

आंब्याच्या फांदीला टांगलेला फीडर फोटोत छान दिसतो. पण ज्या फांदीवर आपण तो बांधतो, त्याच फांदीवरून मांजरही येऊ शकतं. शिवाय कावळ्यांना बसायला ती आयती जागा. शिक्र्याच्या बाबतीत मात्र झाड चांगलं, कारण दाट पानोऱ्यात पक्षी क्षणात शिरतात.

माझं मत खांबाला. सहा फुटांचा गुळगुळीत लोखंडी पाईप आणि त्यावर साडेचार फुटांच्या आसपास पत्र्याचं उलटं नरसाळं. बोहरी आळीतल्या हार्डवेअरच्या दुकानातून सामान मिळतं, नरसाळं कुठलाही पत्रेवाला वळून देतो. रुंदी दीड फूट तरी ठेवा, नाहीतर मांजर कडेवरून पंजा टाकतं. भिंत, बुंधा, उभी केलेली स्कूटर यांतलं काहीही आठ-दहा फुटांच्या आत नको, कारण ते तिथूनच थेट वर उडी मारतं. खाली सांडलेले दाणे रोज झाडा, नाहीतर खांब लावूनही होले पुन्हा जमिनीवरच उतरतील.

शिक्र्याचा प्रश्न खांबानं सुटत नाही, म्हणून साधारण दहा-बारा फुटांवर काटेरी आडोसा हवा. बोगनवेल किंवा कोरांटी उत्तम. काट्यांमुळे मांजराला आत दबा धरून बसता येत नाही आणि चिमणीला मात्र शिरता येतं. सुरुवातीला छेद देणारे म्हटलेले दोन्ही सल्ले इथे जुळतात.

बाल्कनी

चौथ्या मजल्याच्या वर मांजराची चिंता बहुतेक मिटते (घरात पाळलेलं नसेल तर). पण शिक्र्याला घाबरून पक्षी सुसाट उडतात ते काचेवर आदळतात. म्हणून फीडर काचेपासून तीन फुटांच्या आत ठेवा. इतक्या जवळून उडाला तर वेग घेता येत नाही. त्याहून लांबचा फीडर जास्त धोक्याचा. काचेवर बाहेरून, दोन-दोन इंचांवर ठिपके किंवा पट्ट्या लावल्या तर उत्तमच.

वर पारव्यांचा प्रश्न आहेच. उघड्या ताटलीवर त्यांचीच जहागीर बसते, आणि त्यांच्या विष्ठेच्या धुळीचा फुप्फुसांना होणारा त्रास काही थट्टेचा विषय नाही. बाल्कनीत जाळीच्या पिंजऱ्यातला फीडर घ्या. भोकं अशी निवडा की चिमणी आत शिरेल, पारवा बाहेर राहील. त्याच जाळीमुळे शिक्र्याची झडपही अडते. खर्च थोडा जास्त, पण फ्लॅटमध्ये मी दुसरं काही सुचवणार नाही.

घरट्यांचा काळ

उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत बुलबुल, शिंपी, दयाळ घरटी करतात. कावळा, भारद्वाज, टकाचोर यांचा डोळा मोठ्या पक्ष्यांवर नसतो, अंडी आणि पिल्लांवर असतो. फीडरपाशी कावळे जमायला लागले की आसपासची घरटी त्यांच्या नजरेत येतात. कुंडीत बुलबुलाचं घरटं दिसलं तर तेवढे दिवस पोळी-भात बाहेर टाकणं बंद करा. फीडरही हलवा.

कोणाला किती अडवायचं?

शिक्रा इथलाच, त्याचं पोट शिकारीवरच चालतं आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्यालाही संरक्षण आहे. त्याला हुसकावू नका. तो रोजच येऊ लागला तर दोन आठवडे दाणे बंद ठेवा. पक्षी पांगतात, तोही दुसरीकडे जातो. मांजराचं तसं नाही. त्याला आपणच खाऊ घालतो आणि वर ते पक्षीही मारतं. पाळीव मांजर पहाटे आणि संध्याकाळी घरात ठेवणं, भटक्यांची नसबंदी करून घेणं, एवढं तरी सोसायटीनं करावं. पकडून लांब सोडून दिल्यानं काही होत नाही, रिकाम्या जागेवर दुसरं येतं.

यातलं काहीच जमणार नसेल, म्हणजे तळमजला, मांजरं भरपूर आणि आवार अडचणीचं, तर फीडरचा विचार सोडून द्या. त्याऐवजी उंचावर पाण्याचं भांडं ठेवा आणि कुंपणाला करवंद किंवा तुती लावा. बुलबुल आणि सूर्यपक्षी तसेही बाजरीसाठी येत नाहीत.

मांजराच्या तोंडातून सुटलेला पक्षी वरून धडधाकट दिसला तरी सोडून देऊ नका. दातांच्या बारीक जखमेतूनही जंतुसंसर्ग होतो आणि एक-दोन दिवसांत पक्षी दगावू शकतो. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात ठेवा, तोंडात पाणी ओतू नका, आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.