‘९० दिवसांत पीसीओएस मुळापासून बरा’ म्हणणाऱ्यांपासून जपा

पीसीओएस, म्हणजे हार्मोनचा तोल बिघडून पाळी अनियमित करणारा आजार, असलेल्या बाईला गंडवायला फार खोटं बोलावं लागत नाही. आहार सुधारा, चाला, वेळेवर झोपा, हे कुठलाही चांगला डॉक्टर सांगतोच. वजन जास्त असेल तर ते ५ ते १० टक्के उतरलं तरी अनेकींची पाळी मार्गी लागते. मला फसवणाऱ्या ‘हार्मोन कोच’ बाईंनी सुरुवात याच खऱ्या गोष्टींनी केली. तिची जाहिरात परवा माझ्या भाचीच्या मोबाइलवर दिसली, म्हणून हे लिहितेय.

माझी पाळी महिनोन्‌महिने लांबायची, हनुवटीवर राठ केस यायचे. स्त्रीरोगतज्ज्ञांनी सोनोग्राफी केली, थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन (पाळीवर परिणाम करणारं एक हार्मोन) तपासलं, मेटफॉर्मिन (मधुमेहातही देतात ते औषध) आणि हार्मोनच्या गोळ्या सुरू केल्या. कोचबाई फोनवर म्हणाल्या, “ताई, या गोळ्यांनी आजार दबतो, जात नाही. आधी त्या बंद करा.” ९० दिवसांच्या उपचाराचे ₹१८,५०० आगाऊ घेतले. पावती मागितली तर ‘आपल्या बायकांच्या ग्रुपवर टाकते’ म्हणाल्या. ती कधीच आली नाही.

त्यांनी पाठवलेल्या खोक्यात बियांच्या पुड्या होत्या. पाळीचे पहिले १४ दिवस जवस आणि भोपळ्याच्या बिया, नंतर तीळ आणि सूर्यफुलाच्या. या बिया पौष्टिकच आहेत, किराणा दुकानात थोडक्या पैशांत मिळतात. पण तारखेनुसार खाल्ल्या की हार्मोन जागेवर येतात, याला ठोस आधार नाही. शिवाय एक पावडर आणि केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या. भात, पोळी, दूध, फळं सगळं बंद. पीसीओएससाठी अमुकच आहार सरस ठरलेला नाही, असं २०२३ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. ज्वारीची भाकरी, मोड आलेल्या कडधान्यांची उसळ, ताक, पालेभाजी, अंडं चालत असेल तर अंडं, असं घरचं जेवण निभावतं आणि ते वर्षानुवर्षं टिकतं. उपाशी राहून कुणाचं काय टिकणार?

चक्कर आली, पुरळ उठलं, तर उत्तर ठरलेलं: “शरीर डिटॉक्स होतंय.” एकीने ग्रुपवर विचारलं की पाळी अजून का येत नाही, तर तिलाच काढून टाकलं. जिची पाळी आली तिचा फोटो मात्र लगेच जाहिरातीत.

माझी पाळी बरेच दिवस आलीच नाही, आणि आली तेव्हा रक्तस्राव थांबेना. डॉक्टरांना गर्भाशयाचं अस्तर जाड झालेलं दिसलं, हिमोग्लोबिन ८ वर आलं होतं. थायरॉइडचा रिपोर्टही विचित्र. जास्त मात्रेतलं बायोटिन काही रक्ततपासण्यांचे आकडे बिघडवतं, टीएसएच हा थायरॉइड तपासणीतला आकडा उगाच कमी दिसू शकतो. त्या गोळ्या थांबवून पुन्हा तपासलं तर थायरॉइड नॉर्मल! नाहीतर नसलेल्या आजाराचे उपचार सुरू झाले असते.

पावडरच्या डब्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी क्रमांक आहे, असं बाई ठासून सांगायच्या. तो खाद्यपदार्थाच्या परवान्याचा क्रमांक, रोग बरा होतो याचा दाखला नव्हे. पाळीचे विकार दुरुस्त करतो म्हणून औषधाची जाहिरात करायला १९५४च्या चमत्कारी उपायविरोधी कायद्याने बंदी आहे. म्हणूनच डब्यावर ‘पोषणपूरक’ छापतात आणि आजार बरा करण्याचं वचन व्हॉइस नोटमध्ये देतात. त्या नोट्स पुसू नका. पैसे दिल्याचा स्क्रीनशॉट जपा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवा. मी नोंदवली आहे.

त्या ग्रुपमधल्या ज्या बायकांनी गोळ्या बंद केल्या आहेत, त्यांना कळकळीने सांगते: तीन महिन्यांहून जास्त पाळी आली नसेल तर ९० दिवस पुरे व्हायची वाट बघू नका. जुने रिपोर्ट आणि ती पावडर दोन्ही घेऊन याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा.