बाबांच्या पद्मिनीचा ब्लॉकच बदलून दिला, 64,850 रुपये गेले ते वेगळेच

हे लिहायला मला चार महिने लागले, कारण लाज वाटत होती. मी ठाण्यात एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये 26 वर्षं काढली. आलेला माल मोजून घेणं हेच माझं काम होतं. त्याच माणसाच्या हातावर दुसऱ्याच गाडीचा ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा सिलिंडर असलेला मुख्य सांगाडा, ठेवला गेला आणि त्याने तो घेतला. घरात अजून कोणी तोंडावर काही बोललेलं नाही, पण जुनी गाडी सांभाळणाऱ्या लोकांना हे कळायलाच हवं.

गाडी 1976 ची प्रीमियर पद्मिनी, बाबांची. 1089 सीसीचं इंजिन, बोअर (सिलिंडरचा व्यास) 68 मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) 75 मिमी. इतक्या वर्षांत फक्त एकदा, 1994 साली, रिंगा बदलल्या होत्या. रिबोर, म्हणजे सिलिंडर कापून मोठे करणं, कधीच नाही, म्हणून ब्लॉक अजून स्टँडर्ड बोअरवर होता. पद्मिनी बंद होऊन दोन दशकं उलटली, ऑक्टोबर 2023 मध्ये शेवटची काळी-पिवळी पद्मिनीसुद्धा मुंबईच्या रस्त्यावरून गेली. आता असा न कापलेला ब्लॉक म्हणजे काय चीज आहे हे मला कळत नव्हतं. ज्याला मी इंजिन दिलं त्या मशीन शॉपवाल्याला बरोबर कळत होतं.

फेब्रुवारी 2025 मध्ये इंजिन उतरवलं. आमचे नेहमीचे कळव्याचे मिस्त्री म्हणाले होते, "काका, ब्लॉक मी सुटा करून देतो, बोअरिंग समोर उभं राहून करून घ्या." मला ते जमणारं नव्हतं, गुडघ्याचं दुखणं सुरू होतं. म्हणून एमआयडीसीतल्या आतल्या गल्लीतल्या एका शॉपला अख्खं इंजिन ठेक्याने दिलं. नाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे. शॉप दिसायला उत्तम होतं. बोअरिंग मशीन, क्रँक ग्राइंडर, भिंतीला जुन्या गाड्यांचे फोटो, आणि मालक "सर, ही गाडी नाही, वारसा आहे" असं बोलणारा. मी विरघळलो.

पुढचं नेहमीचंच. आधी कमी आकडा, मग "उघडल्यावर आणखी निघालं" असा फोन, मग आणखी पैसे. 20,000 यूपीआयने, 25,000 रोख, शेवटी 19,850 रोख. बोअरिंग-होनिंग 4,800, वीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ओव्हरसाइझ पिस्टन-रिंग सेट 14,500, क्रँक ग्राइंडिंग 4,200, बेअरिंग 6,350, हेडचं काम 7,500, ऑइल पंप, वॉटर पंप आणि टायमिंग चेन मिळून 8,000, गॅस्केट 3,500, मजुरी 16,000. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला अठरा टक्के वर लागतील. म्हणजे 11,673 रुपये. ते वाचवायला मी वहीच्या कागदावरची चिठ्ठी घेऊन आलो. कुठलाही पेन्शनर तेव्हा हेच करतो, पण त्याच कागदाने पुढे माझा गळा धरला.

आता तो दिवस सांगतो, जो अजून रात्री डोळ्यांसमोर येतो. एप्रिलमध्ये काम बघायला गेलो होतो. ब्लॉक लाकडी फळीवर उभा, राखाडी रंगात चकचकीत, थिनरचा वास येत होता. ब्लॉकच्या कुशीला पाण्याच्या जाकिटाच्या गोल टोप्या असतात. आमच्या ब्लॉकची मधली टोपी पितळेची होती. मी कॉलेजात असताना ती गळायला लागली म्हणून बाबांनी पितळेची करून बसवली होती, आणि दर दिवाळीला गाडी धुताना ते बॉनेट उघडून ती घासायचे. फळीवरच्या ब्लॉकला सगळ्या टोप्या एकसारख्या, लोखंडी, नव्या.

मी बोललोही, "अरे, इथली पितळेची टोपी?" तो म्हणाला, "सर, सगळ्या नव्या टाकल्या. एक बदला, एक ठेवा असं आपण करत नाही." मला बरंच वाटलं. नंबरच्या पट्टीकडे बोट नेलं तर म्हणाला, "रंग ओला आहे, हात खराब होतील." मी हात मागे घेतला.

तेव्हाच थांबायला हवं होतं. त्या चिठ्ठीत नट-बोल्टसाठी गॅस्केटच्या रकमेत 40 रुपये घुसवणारा माणूस टोप्या फुकट बदलतो? चिठ्ठीत टोप्यांचा एक रुपया नव्हता. तीन वेळा वाचली होती मी ती चिठ्ठी. आणि रंग! बोअरिंग व्हायच्या आधी ब्लॉक कोण रंगवतं? स्वतःची समजूत काढायला मी म्हणतो की इंजिन रंगवून सुंदर दिसत होतं, बाबांची आठवण आली होती, लक्ष नव्हतं. हे खरं आहे, पण पुरेसं नाही.

मे महिन्यात गाडी सुरू झाली. 400 किलोमीटरच्या आत निळा धूर, माजिवड्याचा पूल चढताना दम तुटायचा, रेडिएटरचं पाणी रोज कमी. शॉपवाला म्हणाला, रनिंग होऊ द्या. चारही सिलिंडरचं कम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, घेतलं तर 135, 130, 95, 90. कळव्याच्या मिस्त्रींनी हेड उघडलं आणि काही न बोलता बोअरच्या काठावरून नख फिरवलं. काठाला बारीक गोल रेघ होती. स्लीव्ह. म्हणजे झिजलेल्या बोअरमध्ये बसवलेली नळी. आमच्या ब्लॉकला ती कधीच नव्हती! चौथी तर खाली बसली होती, पाणी तिथूनच जात होतं. वीस थाऊ म्हणजे 0.508 मिमी, म्हणजे बोअर 68.5 च्या पुढे हवं. व्हर्नियर लावला तर 68 आणि थोडं. ओव्हरसाइझ पिस्टनच्या माथ्यावर साइझ ठोकलेली असते, इथे काहीच नाही. आमचेच जुने पिस्टन घासून स्टँडर्ड स्लीव्हमध्ये परत घातले होते, रिंगेच्या खाचेत जुना कार्बन तसाच. 14,500 रुपये!

मग मिस्त्रींनी थिनरचं फडकं नंबरच्या पट्टीवर घासलं. रंग गेला, खालची लांबी (पुट्टी) गेली, आणि नंबर वर आला. तो आरसी बुकातला नव्हता.

शॉपवाला थंडपणे म्हणाला, "तुम्ही दिला तोच ब्लॉक आहे. वेगळा होता याचा पुरावा आणा." पुरावा कुठला? मी देण्याआधी नंबरचा एक फोटोसुद्धा काढला नव्हता. इंजिन हातातून सोडण्याआधी फोटो काढा, कागद ठेवून पेन्सिलने नंबरची छाप घ्या आणि त्यावर शॉपवाल्याची सही घ्या. दोन मिनिटांचं काम आहे.

पोलीस चौकीत पाच वेळा गेलो. पहिल्यांदा विचारलं, "गाडी चोरीला गेलीय का?" नाही. "मग गाडी दारातच आहे ना?" हो. "मग चोरी कसली?" दुसऱ्यांदा, शॉप आमच्या हद्दीत नाही. हद्दीतल्या चौकीत, तुम्ही राहता तिथे द्या. तिथे परत, हा सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा. मी म्हटलं, साहेब, विश्वासाने दिलेली वस्तू बदलली, भारतीय न्याय संहितेचं 316 आहे, 318 आहे. तर म्हणाले, "काका, तुम्ही वकील का?" पाचव्या वेळी अर्जावर पोच मिळाली, तीही अदखलपात्र नोंद म्हणून. दर खेपेला तासतासभर बाकावर बसवलं. ज्याचा नंबर लांबी-रंगाखाली झाकला होता असं इंजिन डोळ्यांसमोर आहे, आणि कोणाला उठून बघायचंही नाही!

आणि आरटीओत तर मीच गुन्हेगार. नोव्हेंबरमध्ये नोंदणीचं नूतनीकरण होतं. लपवायचं नाही म्हणून स्वतःहून सगळं सांगितलं. उत्तर मिळालं की इंजिन बदलायला आधी परवानगी लागते, ती तुम्ही घेतली नाही, नव्या इंजिनाच्या खरेदीचं बिल जोडा. खरेदीचं बिल! चोराने चोरून दिलेल्या ब्लॉकचं बिल मी कुठून आणू? पोलिसांचा कागद आणा म्हणाले. पोलीस म्हणतात आरटीओचा आणा. माझ्या बाबांची गाडी आज कायद्याने रस्त्यावर आणता येत नाही, आणि ज्याने हे केलं त्याचं शटर रोज सकाळी दहाला उघडतं.

चौकीत दाद मिळाली नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 173(4) खाली पोलीस उपायुक्तांकडे लेखी अर्ज टपालाने पाठवा, मी पाठवलाय. जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार केलीय. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, पण दोन वर्षांच्या आत जावं लागतं. आयोगात माझ्या बाजूने एकच कागद बोलतो, यूपीआयच्या 20,000 चा. रोख दिलेले 44,850 कुठेच नाहीत.

अख्खं इंजिन ठेक्याने देऊ नका. ब्लॉक, क्रँक सुटे न्या, बोअरिंग होईपर्यंत तिथे स्टूल टाकून बसा. गुडघे दुखत असतील तर मुलाला पाठवा, मी पाठवायला हवं होतं. पिस्टन आधी हातात घ्या, ते मोजून मगच बोअर कापायला सांगा. चारही बोअरची वर, मध्ये, खाली, आडवी-उभी मापं कागदावर मागा; जो देत नाही त्याच्याकडे बोअर गेज असून नसल्यासारखा आहे. जुने पिस्टन, जुनी बेअरिंगं परत घ्या, त्यांनी दिली नाहीत तर शेवटचा हप्ता देऊ नका. ब्लॉकवर आतल्या बाजूला, मशीन लागणार नाही अशा जागी, आपली खूण पंचने ठोका आणि कोणाला सांगू नका.

आणि एक विनंती. कोणी तुमच्याकडे पद्मिनीचा स्टँडर्ड बोअरचा, एकदाही न कापलेला ब्लॉक विकायला आणला, तर रंग खरवडून कुशीच्या टोप्या बघा. मधली पितळेची असेल, किंवा तिथे नवी बसवताना पितळेचा पिवळा कण काठाला राहिला असेल, तर तो आमचा आहे. घेऊ नका, आधी त्याच्या नंबरचा फोटो काढा.