जुन्या जीपसाठी तीन स्पीडचा ब्लोअर स्विच: स्विच घ्या, सोबतची वायर फेकून द्या

कोल्हापुरात जीपला हीटर कशाला, असं विचारणाऱ्याने भर पावसाळ्यात गगनबावड्याच्या घाटात गाडी घालून बघावी. बाहेर धो धो पाऊस, आत भिजलेली चार माणसं आणि समोरची काच आतून पांढरीफटक. फडक्याने पुसली की दोन मिनिटांत पुन्हा वाफ धरते. महिंद्राच्या एमएम ५४० किंवा तिच्या आगेमागच्या जीपमध्ये हीटर थंडीसाठी नाही, काचेसाठी हवा. आणि ब्लोअर, म्हणजे हीटरची हवा फेकणारा पंखा, बंद पडला की सगळे मोटर उतरवायला धावतात. दोष मात्र बऱ्याचदा स्विचचा असतो.

शहरातल्या ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानांत बिननावाचा जो ‘युनिव्हर्सल’ सेट मिळतो, त्याबद्दल हे लिहितोय. पाकिटात फिरवायचा स्विच, नॉब, दोन कॉइलची रेझिस्टर पट्टी (करंट अडवून मोटरचा वेग कमी करणारी) आणि थोडी वायर असते. किंमत मटणाच्या एका थाळीच्या आसपास. जोडणीचा नकाशा नाही, आणि ही मोठी उणीव आहे.

आधी चांगलं सांगतो. स्विचचे खटके स्पष्ट लागतात, मधे कुठे अडकत नाहीत. मान धातूची आहे, नट आवळताना आटे जात नाहीत. रेझिस्टरच्या कॉइल सिरॅमिकवर बसवलेल्या आहेत, हलत नाहीत. वायर मात्र टाकाऊ. वरचं इन्सुलेशन जाड, आत तांबं जेमतेम अर्धा स्क्वेअर एमएम. मोटर फुल स्पीडला साधारण १० ॲम्पिअर ओढते असं धरलं, तर अशा चार मीटर वायरमध्ये १.४ व्होल्ट वाटेतच जातात. अडीच स्क्वेअर एमएमची वायर टाकली की हाच तोटा ०.३ व्होल्टच्या आत येतो. मोटर आणि बॅटरीकडच्या लायनीला अडीच, लो आणि मीडियमला दीड, एवढं पुरतं.

स्विचवर बी (बॅटरी), एल (लो), एम (मीडियम), एच (हाय, म्हणजे फुल) अशी अक्षरं असली तरी त्यांवर विसंबू नका. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवा (दोन टोकं आतून जोडलेली असली की तो वाजतो), एक टोक बीवर धरा आणि नॉब फिरवा. बंदला काहीच वाजायला नको; पुढे एल, एम, एच क्रमाने वाजले पाहिजेत. बी आणि स्विचची धातूची मान यांच्यातही तपासा. तिथे आवाज आला तर तो स्विच घेऊ नका, कारण डॅशच्या पत्र्याला लागताच फ्यूज उडणार. रेझिस्टर मोजताना आधी मीटरची दोन टोकं एकमेकांना लावा आणि जो आकडा येईल तो वजा करा. ओहमच्या अंशांत मोजताना तेवढ्यानेही हिशेब चुकतो.

ही रेझिस्टर पट्टी ब्लोअरच्या वाऱ्यातच बसली पाहिजे. लो स्पीडला ४ ॲम्पिअर १.५ ओहममधून गेले तर ६ व्होल्ट तिथे खर्ची पडतात, म्हणजे २४ वॅटची उष्णता. वारा लागला तर ती निघून जाते. काही वायरमन पट्टी डॅशखाली टेपने बांधून मोकळे होतात. मग आधी टेप वितळते, नंतर शेजारची वायर. डक्टला (हवेच्या नळकांड्याला) खाच पाडा, पट्टी दोन स्क्रूंनी बसवा, कॉइल आतल्या बाजूला ठेवा. पाला किंवा उंदराचा कचरा आत असेल तर आधी काढा.

आता मुख्य मुद्दा. स्विचवर १५ ॲम्पिअर छापलंय म्हणून फुल स्पीडचा करंट त्यातूनच नेऊ नका. आतले पॉइंट थोडे काळे पडून ०.१ ओहमचा अडथळा आला, तरी १० ॲम्पिअरला १० वॅट उष्णता त्या छोट्या प्लास्टिकच्या डबीत तयार होते. जळका वास येतो तो याचाच. हायसाठी चार पिनांचा ३० ॲम्पिअरचा रिले लावा, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. बॅटरीजवळच २० ॲम्पिअरचा फ्यूज टाकून लाइन रिलेच्या ३० नंबरच्या पिनला, ८७ वरून मोटरच्या पॉझिटिव्हला, ८५ अर्थला (गाडीच्या पत्र्याला) आणि स्विचचा एच ८६ ला. स्विचच्या बीला सप्लाय इग्निशनवरून, १० ॲम्पिअरच्या फ्यूजमधून द्या.

जोडणी बिघडते ती इथेच. जुन्या वायरिंगमध्ये स्विचच्या एचची वायर थेट मोटरला गेलेली असते. रिले लावताना ती तिथून सोडवली नाही आणि तिलाच ८६ जोडला, तर मीडियमला मोटरवर येणारा व्होल्टेज रिलेच्या कॉइललाही मिळतो. सात-आठ व्होल्टला रिले ओढला जातो आणि मीडियमवरच ब्लोअर फुल पळतो. पुढे त्याहून वाईट घडतं. ८७ वरून मोटरला आलेला करंट त्याच वायरने ८६ ला परत पोचतो आणि रिले स्वतःलाच धरून ठेवतो. स्विच बंद करा, चावी काढा, ब्लोअर थांबत नाही आणि सकाळी बॅटरी उतरलेली. अशा वेळी ‘रिले खराब’ म्हणून नवा बसवतात आणि पुन्हा तेच होतं. ८६ ला फक्त स्विचचा एच आला पाहिजे, मोटरशी त्याचा संबंध नको. रेझिस्टरचं मोटरकडचं टोक आणि ८७ एकत्र आले तर काही बिघडत नाही.

मोटरची टोकं उलटी लागली तरी हवा येत राहते, म्हणून ती चूक लक्षात येत नाही. पिंजऱ्यासारखा गोल पंखा उलटा फिरला तरी हवा त्याच तोंडातून बाहेर फेकतो, फक्त जोर बराच कमी असतो. नव्या वायरिंगनंतरही वारा मंद वाटला तर चुंबकाच्या मोटरची दोन टोकं अदलाबदल करून बघा. मोटरचं अर्थिंग तिच्या स्वतःच्या बॉडीवरूनच होत असेल तर हा उपाय चालणार नाही. तिथे रंग खरवडून, स्वच्छ पत्र्यावर थिंबल (वायरच्या टोकाची धातूची टोपी) आवळा.

फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) भोकात रबरी ग्रोमेट, म्हणजे वायर कापू नये म्हणून बसवायची रिंग, हवाच. डॅशवरचं जुनं भोक मोठं असेल तर पत्रा कापत बसू नका, उद्यमनगरात लेथवर वॉशर करून घ्या.

काम झाल्यावर ब्लोअर फुल चालू ठेवून मीटर २० व्होल्ट डीसीवर घ्या, एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरं मोटरच्या पॉझिटिव्हला. अर्ध्या व्होल्टच्या आत आकडा आला तर जोडणी चांगली. जास्त आला तर फ्यूजचा होल्डर आणि क्रिंप केलेले थिंबल हाताने चाचपा. जे गरम लागेल तिथेच दोष. डायनामोच्या गाडीत घाटात हेडलाइट, वायपर आणि फुल ब्लोअर एकदम चालवू नका. नुसते हेडलाइटच १० ॲम्पिअरच्या घरात जातात आणि कमी आरपीएमला डायनामो तेवढं देत नाही. काच साफ झाली की ब्लोअर लो स्पीडवर आणा.

विजेचा माल दुकानदार सहसा परत घेत नाही, म्हणून काउंटरवरच मीटर लावून तिन्ही खटके बघून घ्या. सेटची वायर घेण्याऐवजी नुसता स्विच आणि रेझिस्टर सुटा मिळतो का, तेही विचारा.