गिअरबॉक्स 'गेला' असं सांगून मला कसं गंडवलं

माझ्या ट्रकला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. इंजिन ऑइल मी स्वतः बघतो, पण गिअरबॉक्सच्या डिपस्टिकला (तेलाची पातळी बघायच्या पट्टीला) कधी हात लावला नव्हता. ते तज्ज्ञांचं काम, असा समज.

सर्व्हिसिंगसाठी ट्रक रात्रभर गॅरेजमध्ये ठेवला होता. सकाळी मी पोहोचल्यावर मेकॅनिकने माझ्यासमोर इंजिन चालू केलं, लगेच गिअरबॉक्सची डिपस्टिक ओढली, कमरेच्या फडक्याने पुसली, परत घालून काढली आणि माझ्या नाकासमोर धरली. पातळी वरच्या खुणेच्या बरीच खाली. मग तेच फडकं दाखवून म्हणाला, "रंग बघा, काळा पडलाय." त्या फडक्याने त्याने दिवसभर इंजिन ऑइल पुसलेलं असणार, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. मी मान डोलावली. त्याने दीड लिटर ओतलं.

आठवड्याभरात भरलेला ट्रक चढावर नेला तर गिअर उशिरा पडायला लागले. इंजिन नुसतं ओरडायचं, ट्रक पुढे सरकेना. खाली वाकून बघितलं तर गिअरबॉक्स बाहेरून तेलाने माखलेला. परत त्याच्याकडेच गेलो (दुसऱ्या कुणाकडे जावं हे सुचलंसुद्धा नाही, याचा आजही राग येतो). त्याने खालचा पॅन उतरवला आणि आतलं चुंबक हातावर ठेवलं. त्यावर करड्या रंगाचा लगदा. "हे लोखंड झिजून आलंय. गिअरबॉक्स गेला, पूर्ण उघडावा लागेल." पार्ट मागवायला म्हणून अनामत घेतली, तेच तेल गाळून परत भरलं आणि दोन दिवसांनी ट्रक आणायला सांगितलं.

त्या रात्री झोप लागेना म्हणून गाडीसोबत आलेलं मॅन्युअल काढलं. मराठी माणसाचं आणि मॅन्युअलचं नातं सगळ्यांना ठाऊक आहे. माझं तर प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेरही आलं नव्हतं. त्यात सरळ लिहिलं होतं: गिअरबॉक्स गरम असताना, सपाट जागेवर, इंजिन चालू ठेवून बघा. तेल तापलं की फुगतं, म्हणून पट्टीवर गरम तेलाची खूण वर आणि थंड तेलाची खाली असते. रात्रभर उभ्या ट्रकचं थंड तेल गरमच्या खुणेशी ताडलं, तर ते कमी दिसणारच. इंजिन बंद करून बघितलं तर उलट होतं. टॉर्क कन्व्हर्टरमधलं (इंजिनची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या भागातलं) तेल खाली उतरतं आणि पातळी जास्त दिसते.

दुसऱ्या दिवशी वीसेक मिनिटं ट्रक चालवून घरासमोर सपाटीवर उभा केला. चाकं सरकू नयेत म्हणून उटी लावली, हँडब्रेक ओढला. ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर प्रत्येक गिअरमध्ये दोन-तीन सेकंद थांबवत फिरवला, पार्कमध्ये आणला, इंजिन चालूच ठेवलं. बाह्या वर सारल्या, कारण शेजारी पंखा फिरत असतो. पट्टी काढून स्वच्छ, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसली, पूर्ण आत घातली, परत काढली. तेल वरच्या खुणेच्या बोटभर वर! आणि त्यात बुडबुडे.

कारण तिथेच होतं. जास्त झालेलं तेल आतल्या फिरत्या भागांनी घुसळलं जातं, त्याचा फेस होतो. फेसाने दाब नीट तयार होत नाही, म्हणून गिअरबॉक्सच्या आतले क्लच घसरतात. तापल्यावर तेच तेल ब्रीदरमधून (हवा जायच्या छिद्रातून) बाहेर फेकलं जातं. म्हणजे गिअरबॉक्स आजारी पाडला तो त्याच्या दीड लिटरने.

थेंबभर तेल पांढऱ्या कागदावर टाकलं. गडद तांबूस, जळका वास नाही. वापराने रंग थोडा गडद होतोच. काळं आणि करपलेल्या वासाचं असेल तर घाबरायचं, गुलाबी दुधाळ असेल तर पाणी किंवा कूलंट शिरलंय. डिपस्टिकच्या नळीतून हातपंपाने थोडं थोडं तेल काढलं, दर वेळी पातळी बघत. गरम तेलाच्या खुणेवर आल्यावर थांबलो. चढावर गिअर पूर्वीसारखे पडले.

चुंबकाचा फोटो एका जुन्या, गिअरबॉक्सच्याच कामातल्या माणसाला दाखवला. तो हसला. बारीक करडा लगदा प्रत्येक वापरलेल्या गिअरबॉक्समध्ये निघतो, तो धरायलाच चुंबक बसवलेलं असतं. चकचकीत कपचे, तुकडे निघाले तर गोष्ट वेगळी. थंड तेल बघण्याची चूक अज्ञानातून झाली असं मी एकवेळ मानेन. पण पॅन रोज उतरवणाऱ्याला तो लगदा माहीत नसेल, हे मानणार नाही.

तुमचंही गिअरबॉक्स तेल कुणी 'कमी' म्हणालं, तर गळती कुठे आहे ते आधी दाखवायला सांगा. इथे तेल जळून संपत नाही. कमी असेल तर कुठूनतरी गळालेलं असतं. काही गाड्यांत इंजिन बंद करून बघतात, म्हणून शेवटचा शब्द तुमच्या मॅन्युअलचा. कित्येक नव्या गाड्यांना डिपस्टिकच नसते. तिथे तेलाचं तापमान मोजत खालच्या प्लगमधून पातळी बघावी लागते. जॅकवर उचलून घरी तो उद्योग करू नका.

अनामत अजून मिळालेली नाही. पार्ट मागवून झाले म्हणतो. कोणते, ते मात्र प्रत्येक फोनवर वेगळे सांगतो.